पेल्यातले सतरा थेंब

डॅशबोर्डवर ठेवलेल्या स्टीलच्या पेल्यात काठाच्या अर्धा सेंटिमीटर खाली पाणी होते. गाडी जागेवर उभी होती, फक्त इंजिन चालू होते. एका मिनिटात पेल्यातून सतरा थेंब बाहेर उडाले. शिवांजलीने ते मोजले आणि वहीत लिहिले : दुपारी बारा दहा, सतरा.

"सतरा काय, सत्तर लिही!" तिचे वडील वीरप्पा गाडीच्या खिडकीतून म्हणाले. "इंजिन संपलंय, पोरी. उमरग्याचे अमरसिंहराव चार वाजता येणार. बघतील आणि घेऊन जातील."

"अप्पा, पण बॉनेट उघडून पाहिलं का कुणी?"

"बघायचं काय त्यात? मिस्त्रीला फोनवर आवाज ऐकवला. तो म्हणाला, संपलंय!"

त्यांनी गाडी बंद केली, किल्ली डॅशबोर्डवर टाकली आणि ते दाढी करायला आपल्या घरी निघून गेले.

गाडी त्यांची नव्हती. ती त्यांच्या मोठ्या बहिणीची, इरम्मा आत्यांची होती. मुरुम गावातल्या याच घरातून आत्या रोज वाडीवरच्या शाळेत शिकवायला जात. एसटी फाट्यावर सोडते, पुढे तीन किलोमीटर पायी. म्हणूनच त्यांनी गाडी घेतली होती. लायसन्सही काढले होते. पण चार वर्षांपूर्वी पहिल्याच आठवड्यात गाडी फाटकाच्या खांबाला लागली. तेव्हापासून किल्ली वीरप्पांकडे गेली. ते सोडायला मोकळे असले की गाडी, नसले की एसटी.

आज भाऊबीज. शिवांजली आणि तिची धाकटी बहीण अर्पिता सकाळपासून आत्यांकडेच होत्या. शेजारच्या घरी आपल्या मामाकडे सुट्टीला आलेला धाराशिवचा रणधीरही कुंपणावरून उडी मारून आला होता.

"आत्या, गाडी विकायला तुम्ही हो म्हणालात?" अर्पिताने विचारले.

आत्या डब्यात करंज्या भरत होत्या. "बघू," त्या म्हणाल्या.

"चार वर्षं झाली, तुम्ही बघूच म्हणताय!"

"लई बोलू नको. करंजी खा." आत्यांनी तिच्या हातात करंजी ठेवली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "खांबाला मीच धडकवली ना. तवाच आत काहीतरी मोडलं असणार. माझ्याच हातानं गाडी गेली, मग कुठल्या तोंडानं नको म्हणू?"

आत्यांनी हे आधी कधीच सांगितले नव्हते.

"धडकेनं मोडलं असतं, तर तेव्हापासूनच थरथरली असती," शिवांजली म्हणाली. "कधीपासून थरथरते?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा. मला शाळेला उशीर झाला, म्हणून ध्यानात हाय. चार दिवसांत आपोआप बरी झाली. मग पुन्हा सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी. आणि आता लक्ष्मीपूजनापासून तर जास्तच."

अर्पिता धावत आत गेली आणि भिंतीवरचे कॅलेंडर खिळ्यासकट घेऊन आली. "ताई! पोळा, सर्वपित्री, लक्ष्मीपूजन... तिन्ही अमावस्या!"

"भूत!" रणधीर आनंदाने ओरडला. "अमावस्येला इंजिनात भूत शिरतं!"

"आणि चार दिवसांनी कंटाळून निघून जातं?" अर्पिताने विचारले. "तुझ्यापेक्षा शहाणं दिसतंय. तू तर महिना झाला तरी मामाकडून जात नाहीस!"

"आठच दिवस झालेत!"

शिवांजली हसली नाही. "आत्या, अमावस्येला गाडीचं काय करतात?"

"पूजा. वीरप्पा करतो. पोळ्याला म्हणाला, आता दारात बैल न्हायत, गाडीच आपला बैल. तवापासून दर अमावस्येला बॉनेट उघडतो, इंजिनाला विभूतीचे पट्टे ओढतो, नारळ फोडतो. बैलाला पाणी दावतात ना, तसं नारळाचं पाणी इंजिनावर..."

आत्या बोलता बोलता थांबल्या. करंजीचा डबा तसाच हातात राहिला.

शिवांजलीने बॉनेट उघडून दांडी लावली. इंजिनावर विभूतीचे तीन पांढरे पट्टे होते. त्यांच्या मधून एक वाळलेला तपकिरी ओघळ गेला होता. तो वायरींच्या तीन रबरी टोप्यांपैकी सर्वांत डावीकडच्या टोपीखाली नाहीसा होत होता.

"अप्पा इथं डावीकडंच उभे राहतात," ती म्हणाली. "या प्रत्येक टोपीखाली खड्डा आहे आणि खड्ड्याच्या तळाशी स्पार्क प्लग. प्लगची ठिणगी आत पेट्रोल पेटवते. खड्ड्यात पाणी असेल, तर वीज ओल्या वाटेनं बाहेरच्या बाहेर निघून जाते. मग तीनपैकी दोनच सिलिंडर काम करतात आणि गाडी थरथरते."

"चला, काढू प्लग!" रणधीरने डिकीतून प्लगचा पाना आणलासुद्धा. "मी मोबाइलवर पाहिलंय, पाच मिनिटांचं काम!"

"थांब! इंजिन तापलंय. गरम असताना जोर लावला, तर प्लग बसतो तिथले आटे जातील. मग अप्पा म्हणतात ते खरंच होईल."

"पण चार वाजता गिऱ्हाईक येणार!"

"म्हणून तर आटे जाऊ द्यायचे नाहीत."

दीड तास त्यांनी वाट पाहिली. रणधीरने तेवढ्यात अकरा करंज्या संपवल्या. पावणेदोन वाजता शिवांजलीने इंजिनावर तळहात ठेवला आणि वीसपर्यंत आकडे मोजले. हात भाजला नाही.

"किल्ली कुठं आहे?"

"माझ्याकडं," आत्या म्हणाल्या. त्यांनी ती कमरेला खोचली होती आणि आता हातात टॉर्च घेतला होता. "कुणी चुकून चालू करायला नको."

डावीकडची टोपी ओढल्यावर आंबूस गोड वास आला. खड्ड्यात राख कालवलेले तपकिरी पाणी होते.

"भूत सापडलं!" अर्पिता ओरडली.

"ते आधी बाहेर काढू. नाहीतर प्लग निघाला, की हे सगळं सिलिंडरमध्ये पडेल." शिवांजलीने काडीला सुती कापड गुंडाळून पाणी टिपले. मग रणधीरने सायकलच्या पंपाने हवा मारली. राखेचा पहिला फवारा त्याच्याच तोंडावर आला. त्याच्या कपाळावरही पट्टे उमटले.

प्लग आधी हटेना. रणधीर पान्यावर लोंबकळणार, तेवढ्यात आत्यांनी त्याला बाजूला केले आणि दोन्ही हातांनी सावकाश दाब दिला. कट्, असा आवाज झाला. प्लग फिरला. त्याचा चिनी मातीचा पांढरा भाग तपकिरी झाला होता आणि टोक काजळीने भरले होते.

तो प्लग खिशात घालून रणधीर सायकलवरून बाजारात गेला. स्पेअर पार्टच्या दुकानाचे शटर अर्धे ओढलेले होते. दुकानदार शिवशरणदादा खालून डोकावले. "आज भाऊबीज हाय बाबा, उद्या ये!"

"उद्या गाडीच राहणार नाही, दादा! फक्त हा बघा!"

शिवशरणदादांनी प्लग नाकाजवळ नेला. "नारळ? ही गाडी कुणाची? देवळाची का?"

हसत हसतच त्यांनी शटर वर ढकलले. "तीन सिलिंडर ना? तिन्ही बदला. आणि एक एक करून बदला, वायरींची अदलाबदल व्हायला नको."

रणधीर परतला तेव्हा तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. शिवांजलीने प्रत्येक नवा प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवत टेकवला. त्यानंतर पान्याने फक्त अर्धा फेरा दिला. अर्पिताने टोप्या आतून कोरड्या पुसून दिल्या. शेवटची टोपी बसली आणि फाटक वाजले. वीरप्पा आणि अमरसिंहराव आत आले.

"ए! काय मोडलं तुम्ही?" वीरप्पा ओरडले.

"आत्या, चालू करा," शिवांजली म्हणाली.

आत्यांनी वडिलांच्या वयाच्या माणसासमोर जावे तसे आधी पदर नीट केला. मग त्या चालकाच्या जागेवर बसल्या. चार वर्षांत पहिल्यांदाच. गिअर न्यूट्रलला आहे हे त्यांनी दोनदा पाहिले आणि किल्ली फिरवली.

इंजिन चालू झाले. आवाज सलग होता. शिवांजलीने पेला तेवढाच भरून डॅशबोर्डवर ठेवला. एक मिनिट तिने थेंब मोजले.

"एक थेंब," ती म्हणाली. "तोही अर्पितानं दार आपटलं म्हणून."

तिने वीरप्पांना जुना प्लग दाखवला आणि सगळे सांगितले. वीरप्पांनी प्लग हुंगला. त्यांनी कान पकडले. "म्हणजे मीच का? मी बैलाला पाणी पाजलं, आणि बैल बुडवला!"

"पूजा बाहेरून करा, अप्पा. बॉनेट बंद ठेवून."

"पोरांनो, शाब्बास!" अमरसिंहराव म्हणाले. "मिस्त्रीनं जे पाहिलं न्हाय, ते तुम्ही पाहिलं. वीरप्पा, गाडी झकास हाय. मी आत्ताच घेऊन जातो!"

अर्पिताचा चेहरा उतरला. हे तिघांपैकी कुणाच्याच लक्षात आले नव्हते. बिघडलेली गाडी विकता आली असती, तर चांगली गाडी आणखी लवकर विकता येणार होती.

"आधी ओवाळणी," आत्या म्हणाल्या. त्यांनी गाडी बंद केली. वीरप्पांनी सवयीने हात पुढे केला आणि किल्ली त्यांच्या खिशात गेली.

वीरप्पा पाटावर बसले. आत्यांनी कुंकू लावले, निरांजनाचे ताट ओवाळले. बोटांच्या कडांना अजून काजळी होती. वीरप्पांनी साडीचे पाकीट ताटात ठेवले. "अक्का, अमरसिंहराव खोळंबलेत. काय सांगू त्यांना?"

अर्पिताने डोळे मिटले. आता 'बघू' येणार, हे तिला ठाऊक होते.

"माझ्या धडकेनं काही मोडलं नव्हतं," आत्या म्हणाल्या. हे त्या कुणालाच उद्देशून म्हणत नव्हत्या. मग त्यांनी साडीचे पाकीट उचलून भावाच्या मांडीवर ठेवले आणि ताट पुन्हा पुढे धरले.

"वीरप्पा, यात किल्ली टाक. गाडी विकायची न्हाय. शाळा उघडली, की मी चालवत जाणार."