ओंजळ, चाळण, दार

मोरीतला नळ खाकरला.

दुपारच्या वेळी पेणची रामवाडी अगदी गपगार होती. छोटी लेक ऋतुजा आत झोपलेली, पुढच्या खोलीतला वृंदाचा संगणकाचा क्लास संध्याकाळीच भरायचा. नळाने पुन्हा घसा साफ केला आणि वृंदा ताडकन उठली. पाणी! आज चुकलं की उद्यापर्यंत बोंब. पहिली बादली भरली तशी ती अंगणातल्या पिंपाकडे धावली, तर दारात कुणीतरी उभं. बगलेत फ्लॉपींचा डबा, चष्म्यावर पावसाचे थेंब.

“मी रोह्याहून—”

“आधी ही बादली धरा!”

त्याने धरली. रिकामी करून परत आणली, पुन्हा धरली… पिंप काठोकाठ भरलं आणि नळ गेला, तेव्हा कुठे वृंदाने त्याच्याकडे नीट पाहिलं. पँट गुडघ्यापर्यंत ओली.

“मी प्रणित. मुंबईच्या प्रकल्पाचं रोह्याकडचं काम माझ्याकडे आहे.”

“अगं बाई! म्हणजे तुम्ही ते इंजिनिअर?”

“सकाळपर्यंत होतो. आता पाणक्या.”

ती कानापर्यंत लाल झाली. आणि हसलीही. तापाचं निमित्त होऊन नवरा गेल्यापासून असं खळखळून हसायचं तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

एकोणीसशे नव्व्याण्णव साल होतं ते. गावोगावच्या संगणकांनी एकमेकांना प्रश्न विचारावेत, असं मुंबईच्या एका संस्थेच्या मनात आलं होतं. पेणला वृंदाच्या संगणकात गणपतीच्या कारखान्यांची माहिती, रोह्याला प्रणितच्या संगणकात तांदळाच्या गोदामांची. पण कुणाला काय विचारायचं, हे कळणार कसं? म्हणून प्रत्येकाने आधी आपली ओळख सांगायची: माझ्याकडे काय विचारता येतं, कुठून विचारायचं, उत्तर किती मिळेल. ही ओळख सांगायला सगळ्यांना सारखेच शब्द हवे होते. ते शब्द ठरवण्याचं काम या दोघांकडे आलं होतं.

“एका वेळी जास्तीत जास्त किती उत्तरं देणार, याला काय म्हणायचं?” तो विचारायचा.

“ओंजळ.”

“मॅडम, मुंबईचे लोक हसतील हो!”

“हसू देत. नको ते गाळून टाकायचं, ती चाळण. आणि प्रश्न जिथून आत येतो ते?”

तो कासू गावचा. वडील मिठागरात राबलेले. तो म्हणाला, “भरतीचं पाणी आगरात घ्यायला बांधाला दार असतं. आपण दारच म्हणूया?”

“दार,” ती म्हणाली, आणि उगाच कीबोर्डवरची नसलेली धूळ पुसत बसली.

त्यानंतर तिचं कशात लक्ष लागेना. रोह्याची गाडी यायची वेळ झाली की हात थांबायचे. भाजीत मीठ दोनदा पडायचं. टेलिफोनच्या तारेवरून मोडेम किंचाळायला लागला, की पलीकडे रोह्यात तोच बसलाय या विचाराने ती खुर्ची जवळ ओढायची… आणि मग झोपलेल्या ऋतुजाकडे नजर जायची, तशी ती स्वतःवरच चिडायची.

श्रावणात पेणच्या फलाटावर त्याने विचारलं. गाडी समोर दिसत होती.

“बंगळूरहून नोकरीचं बोलावणं आलंय. तुम्ही नको म्हणालात तर नाय जाणार. वृंदा… लग्न कराल माझ्याशी?”

गाडी आली. तिच्या ओठांशी काहीतरी आलं आणि तिथेच अडलं. लेकीला काय वाटेल? कसं सांगायचं? तो चढला. गाडी गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती फोन उचलायची, ठेवायची. पुन्हा उचलायची. फोनवर तो कामाचंच बोलायचा, तीही कामाचंच. होकार मनात केव्हाच ठरला होता; फक्त तोंडातून निघत नव्हता.

आणि मग एक दिवस गणपतीचे कारखानदार हिरामण छत्री न मिटताच आत घुसले.

“वृंदाताय, माझ्याकडं दोन फुटी शाडूची मूर्ती हाय, रंगून तयार! आन् तुमचा संगणकाचा डबा रोह्याच्या मंडळाला सांगतोय, पेणमंदी नाय म्हनून? ते निघाले ना दुसरीकडं!”

वृंदाने रोह्याला फोन करून मंडळवाल्यांना थांबवलं. हिरामण शांत झाले, चहा पिऊन गेले. दुपारच्या गाडीने प्रणित येऊन हजर. चेहरा ताणलेला.

“हिरामणदादांची माहिती तुम्ही भरलीच नव्हती.”

“भरायची होती! या आठवड्यात माझं डोकं ठिकाणावर होतं कुठे?”

“तुमच्याकडून काहीच आलं नाही, म्हणून माझ्या प्रोग्रॅमने ‘नाही’ धरलं.”

“काही आलं नाही म्हणजे ‘नाही’, असं धरायला कुणी सांगितलं?”

“मग काय धरायचं?”

“अजून कळलेलं नाही, असं! थांबायचं. परत विचारायचं!”

आपण मूर्तीबद्दल बोलत नाही आहोत, हे दोघांनाही एकदमच उमगलं. त्याने चष्मा काढला. काचा उगाच पुसत राहिला.

“बंगळूरला मी… काल होकार कळवला.”

“काल?”

“तुम्ही काय बोललाच नाय. मी धरलं…”

“तिथेही तेच केलंत!” तिचे डोळे भरले, आणि त्याच वेळी तिला हसूही फुटलं. “एवढे शब्द केले आपण, आणि ‘अजून कळलेलं नाही’ याचा शब्द राहिलाच! विचारा. परत विचारा.”

“आता?”

“आता. आणि मी बोलेपर्यंत जागचं हलायचं नाही.”

तो हलला नाही. आवाज मात्र हलला. “वृंदा, माझ्याशी लग्न करशील?”

“हो.” केवढासा तो शब्द! इतके दिवस कुठे दडून बसला होता कोण जाणे. “आणि बंगळूरवाल्यांना आजच्या आज फोन करा. पाणी भरायला मला माणूस हवंय.”

“व्हय मॅडम,” तो म्हणाला, आणि त्याने तिचा हात हातात घेतला. तिने सोडवला नाही.

तेवढ्यात आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर काहीतरी हललं. ऋतुजा. केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी. कधीपासून ऐकत होती कुणास ठाऊक.

“आई, हे आता आपल्याकडे राहणार?”

वृंदाने हात तसाच राहू दिला. “हो गं… आवडेल तुला?”

ऋतुजाने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

“आवडेल,” ती म्हणाली. मग कपाळाला आठी पडली. “पण हे मला बालवाडीतून न्यायला आले, आणि बाईंनी विचारलं, तुझे कोण गं हे… तर मी काय सांगू?”