ओली शाई

वृद्धाश्रमातल्या थोरल्या परिचारिकेची करंगळी एकदा दारात सापडली ती कायमची वाकडी झाली. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या मुक्या आजी रोज सकाळी नेमकी तीच धरून बसायच्या. अठरा वर्षांच्या नोकरीत मिळालेलं हे एकुलतं एक पदक!

मग नवी परिचारिका आली. हसरी, गोड बोलणारी. दोन आठवड्यांत आजींनी करंगळी सोडली. त्यांची नजर नवीवरून हलेना. थोरलीच्या पोटात जे दुखू लागलं, ते कुठल्याच गोळीने थांबेना.

तिथली रीत अशी, की आंघोळ घातली की अंगावरचा प्रत्येक डाग माणसाच्या छापील आकृतीवर शाईने दाखवायचा. एके सकाळी आजींच्या कागदावर दंडाशी पाच निळे ठिपके दिसले, शाई अजून ओली. दंड मात्र स्वच्छ.

"नवीला डोळे नाहीत वाटतं," थोरली खुशीत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दंडावर पाच वळ उठले, नेमके ठिपक्यांच्याच जागी.

"ठिपके मी नाही काढले, ताई," नवी गोड हसली. "आणि वळ ना? खाटेची दांडी लागली असेल."

थोरली तक्रारीला निघाली, तर स्वयंपाकीणबाईने वाटेतच गाठलं. "किती जळाल हो? धूर चुलीपर्यंत येतोय!"

लाजून थोरलीने कागद कप्प्यात सारला.

तिसऱ्या सकाळी ठिपके आकृतीच्या गळ्यावर होते.

तिने आजींकडे पाहिलं. आजी नवीकडे बघत होत्या. खोलीत साप शिरल्यावर त्याच्यावरून नजर काढवत नाही, तशा. आणि आपण याला प्रेम समजलो?

ती तडक ऑफिसात गेली. "मी जळते, मॅडम. तेही लिहून घ्या. पण आधी आजींच्या खोलीत चला."

व्यवस्थापिका दार न वाजवता शिरली. नवीचे हात आजींच्या गळ्याशी होते.

पोलीस आले, नवी गेली. थोरलीला करंगळीचा मान परत मिळाला.

महिन्याने नवीच्या जागी एक मुलगी आली. वेंधळी, पण मायाळू. तिला बघून आजी चक्क हसल्या. थोरली दारात उभी होती.

सकाळी कागदावर मनगटाशी पाच ठिपके. शाई ओली.

तिने सहज बोटं टेकवून पाहिली. चार जुळली.

पाचवा ठिपका ओळ सोडून होता. वाकड्या करंगळीखाली तो बरोबर झाकला गेला.

थोरली कागद घेऊन ऑफिसकडे निघाली.

आजींच्या मनगटावर अजून काहीच नव्हतं.