आत घेतलेला श्वास

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या मागे लागणार नाही. पण जे झालं ते माझ्या हातानं झालं. खोटं सांगून मला काय मिळणार?

माझं नाव विकास. रिसोडला मोंढ्याच्या रस्त्यावर माझं माइक-अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे.

मागच्या वर्षी पोळ्याच्या आधीचा मंगळवार. दुपारचे साडेतीन. बाहेर कडक ऊन. भीती वाटावी अशी वेळच नव्हती.

मेडशीचे धम्मपालभाऊ आले. पंचायत समितीत कारकून, आणि गाण्याच्या पार्टीत माउथ ऑर्गन वाजवायचे. हातात एक जुना माइक होता. गोल, मुठीत मावणारा. तोंडाचा बाजा आणि हा माइक एकाच ओंजळीत धरून वाजवायचं. आवाज कमीजास्त करायचं बटण माइकच्याच अंगावर.

तक्रार साधी होती. आवाज कमी केला की तो नुसता कमी होत नाही, दबतो. वरून गोधडी टाकल्यासारखा. विहारातल्या कार्यक्रमात हळू वाजवावं लागतं, आणि नेमके तेव्हाच बारीक सूर मरतात.

मला कारण माहीत होतं. असलं बटण खाली आणलं की ट्रेबल, म्हणजे बारीक सूर, आधी जातो. इलाजही सोपा. बटणाच्या तीन पायांपैकी दोहोंवर एक बारीक कपॅसिटर झाळायचा. मग आवाज उतरवला तरी बारीक सूर त्या आडवाटेनं बाहेर येतात.

दहा मिनिटांत काम झालं. भाऊंनी वाजवून पाहिलं. आवाज कमी, पण एकेक सूर स्वच्छ. भाऊ खूश झाले. बाजा त्यांनी खिशात टाकला.

माइक टेबलावर होता. घरघर येते का बघायला मी बटण आणखी खाली आणलं.

आणि स्पीकरमधून...

कुणीतरी श्वास घेतला.

खोल. छाती भरून.

मला वाटलं, भाऊंचाच. ते म्हणाले, माझा नाही. मी पंखा बंद केला. आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर जाऊन उभे राहिलो.

पाऊण मिनिट काहीच नाही. मग...

पुन्हा तोच. आत घेतलेला.

मी आत येऊन बटण पार शून्यावर नेलं. शून्यावर काही यायलाच नको. कपॅसिटर असो नसो.

श्वास आणखी स्पष्ट झाला.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. श्वास फक्त आत जात होता. बाहेर सोडल्याचा आवाज एकदाही नव्हता.

धम्मपालभाऊ मटकन स्टुलावर बसले. तोंड पांढरं पडलेलं.

"हिंमतभाऊ हाये," ते म्हणाले.

हिंमत म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. माइक मूळचा त्याचाच. दोन वर्षांपूर्वी विहिरीत गेला, एवढं मला माहीत होतं. पुढचं धम्मपालभाऊंनी त्या दिवशी सांगितलं. मोटरीच्या पाइपाशी पाण्याखाली कचरा अडकला होता. हिंमतनं काठावरून धाकट्याकडं बघितलं, छाती भरून श्वास घेतला आणि बुडी मारली. त्याचा दम लय मोठा. लहानपणापासून पाण्याखाली दडून धाकट्याला भेडवायचा. म्हणून धम्मपालभाऊ काठावर हसत उभे राहिले. बराच वेळ.

"मले पोहता येते, विकासभाऊ. मी उडीच नाही मारली. वाटलं, मजाक करून राह्यला."

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला नाही. हिंमतच्या बायकोलाही नाही.

मी म्हटलं, कपॅसिटर काढून टाकतो. त्यांनी माइक छातीशी धरला आणि मेडशीची एसटी पकडली.

पाच दिवसांनी, रविवारी सकाळी, त्यांच्या बायकोचा, पिंकीवहिनींचा, फोन आला.

"भाऊ, तुमी या. हे जेवत नाही. त्या डब्यापुढं बसते अन् दम कोंडून घेते."

मी पहिल्या गाडीनं गेलो.

समोरच्या खोलीत अँप्लिफायर चालू होता. भाऊ जमिनीवर बसलेले. ओठ काळेनिळे. स्पीकरमधून श्वास आला की तेही श्वास घ्यायचे. आणि धरून ठेवायचे. गळ्याच्या शिरा फुगायच्या. मग नाइलाजानं सोडायचे, धापा टाकायचे, पुढच्या श्वासाची वाट बघायचे.

"तो सोडत नाही तोवर मीबी सोडत नाही," ते म्हणाले.

मी पिशवीतून पकड काढली. माइक उघडला. कपॅसिटर कापला. आता आवाज दबायला हवा होता.

दबला नाही.

मी वायर उपटली. मग अँप्लिफायरची पिनही काढली. लाल दिवा विझला. माइक एकीकडं, स्पीकर एकीकडं, मध्ये काहीच नाही.

त्या मेलेल्या स्पीकरमधून श्वास आला. आतापर्यंतचा सगळ्यात लांब.

भाऊंनी तसाच श्वास घेतला. तोंड मिटलं.

मी त्यांचे खांदे हलवले. गालावर मारलं. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन दारात थिजल्या होत्या.

आणि मग...

स्पीकरमधून श्वास सुटला. पहिल्यांदा. हळूहळू, बुडबुडे फुटत सुटला.

भाऊंचं तोंड मिटलेलंच होतं. ते तसेच कलंडले.

गाडी करून वाशिमला नेलं. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसात पाणी झालंय, हृदय कमजोर असलं की होतं. तिसऱ्या दिवशी धम्मपालभाऊ गेले. त्रेचाळीस वर्षांचे होते.

भाऊंच्या पुण्यानुमोदनाला मी मेडशीला गेलो. जेवणं चालली होती. हिंमतची बायको चंपाबाई माझ्याजवळ येऊन बसली. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि दबक्या आवाजात सांगितलं की दोन वर्षं तिच्या घरात कुणीतरी श्वास घ्यायचं. भर दुपारी, चुलीजवळ, खाटेजवळ. लोक येडी म्हणतील म्हणून ती गप्प राहिली.

"त्या रविवारपासून बंद झाला, भाऊ. आता घर कसं मोकळं वाटते."

मी मान हलवली.

तेवढ्यात पिंकीवहिनी वरण घेऊन आल्या. वाढता वाढता मध्येच थांबल्या. पळी हातातच. मान किंचित भिंतीकडं वळवून त्या काहीतरी ऐकत होत्या.

पाऊण मिनिट.

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना मला काही विचारायचं होतं, हे स्पष्ट दिसत होतं.

मी ताटावरून उठलो. हातही नीट धुतला नाही. तेव्हापासून मेडशीकडं गेलो नाही, आणि वहिनींचा फोन आला की मी उचलत नाही.