थंड खोलीतला कोपरा

उन्हाळे जीवघेणे व्हायला लागले तेव्हा सरकारी योजना आली आणि आमच्या नालवाडीच्या समाजभवनात ‘थंड खोली’ उघडली. दोन मोठे कूलर, वाळ्याचा ओला वास, पाण्याचे माठ आणि देखरेखीला मी. दुपारी रस्त्यावरच्या माणसानं आत येऊन बसायचं, एवढंच. प्रशिक्षणात एक गोष्ट पक्की शिकवली होती. आलेल्याच्या कपाळाला हात लावून बघायचा. कपाळ ओलं असलं तर काळजी नाही. तापलेलं आणि कोरडं असलं तर उष्माघात, लगेच दवाखाना.

माझा सगळा जीव मात्र बाबांपाशी. लहानू मिस्त्री, जवळच्याच सिंदी मेघे गावात स्लॅबच्या कामावर जात. दुपारी खोलीत येऊन बसा म्हणून किती विनवलं!

“उनाले मी भेतो काय? लहानपणापासून वळख हाय आमची,” म्हणून हसायचे. असा राग यायचा.

त्या दुपारी एक बाई आली. आमच्याकडे उन्हात सगळेच दुपट्ट्यानं तोंड गुंडाळतात, त्यामुळे तिचा चेहरा दिसला नाही याचं काही वाटलं नाही. ती कोपऱ्यात बसली. मी सवयीनं कपाळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. कपाळ तापल्या टिनासारखं, आणि घामाचा टिपूस नाही.

“बाई, दवाखान्यात चला...”

“आता मले नाई लागत,” ती हळूच म्हणाली. “तुयं कोणी हाय काय उनात?”

“बाबा हायेत... सिंदी मेघ्याले, स्लॅबवर.”

“आणीन मी त्याईले.”

ती गेली. ओल्या फरशीवर ती बसली होती तेवढीच जागा कोरडी होती.

थोड्या वेळानं बघते तर दारात बाबा! येऊन त्याच कोपऱ्यात टेकले. मला आनंदानं रडू फुटलं.

“एका बाईनं हात धरून आणलं,” ते म्हणाले. “लय बरं वाटून राह्यलं आता.”

तेवढ्यात त्यांच्या जोडीचे नत्थूकाका धापा टाकत आत शिरले. “पोरी, चाल लवकर... लहानू पडला. सावलीत निजवून आलो त्याले... श्वास नवता...”

त्यांची नजर कोपऱ्याकडे गेली.

“बस ना, नत्थू. पाणी पे,” बाबा म्हणाले.

नत्थूकाका तसेच मागे सरकत बाहेर पडले. पुन्हा कामावर जाऊन त्यांनी पाहिलं, तर सावलीत बाबांच्या चपला तेवढ्या होत्या.

बाबा आता घरीच असतात. जेवतात, माझी थट्टा करतात. बाप परत मिळाला, मी कशाला खोदून विचारू? फक्त दुपार झाली की ते दुपट्टा गुंडाळून निघतात आणि कुणाला तरी हात धरून घेऊन येतात. कधी भाजीवाला, कधी ऑटोवाला. ती माणसं संध्याकाळी घरी जातात, दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसतात. खोली भरत चालली आहे.

परवा योजनेचे साहेब आले. यंदा इथं उन्हानं एकही माणूस गेला नाही म्हणून त्यांनी माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, टाळ्या. नेमके दोन्ही कूलर बंद पडले होते. साहेब घामानं निथळत होते, मीही. बाकीची खोली शांत बसली होती, कोरडी. बाबांच्या कपाळाला हात लावायचं मी तोवर टाळत आले होते.

फोटोच्या वेळी तेच माझ्याजवळ सरकले.

“किती घाम आला तुले, पोरी... ये, बस इथं.” आणि त्यांनी माझा हात धरला.

कूलर अजून दुरुस्त झालेले नाहीत. मला मात्र आता उकडत नाही.