चौदा इंच बर्फ

अमेरिकेतल्या दुलुथ गावच्या त्या कॉफीच्या दुकानात भिंतीला एकच सॉकेट होतं आणि दोन हात एकदम त्याकडे गेले. सिग्नेचा पहिला पोहोचला.

"प्लीज..." दुसऱ्या हाताचा दाढीवाला मालक म्हणाला, "माझा लॅपटॉप बंद पडेल हो."

"पडू दे की. परत सुरू होईल."

"मी तो कधीच बंद करत नाही." हे त्याने, लोक शाकाहाराबद्दल सांगतात तशा सुरात सांगितलं.

सिग्नेची नजर सहज त्याच्या पडद्यावर गेली... आणि तिथेच थांबली. तिथे तिचंच नाव होतं. खाली अर्धवट उत्तर – 'तुमची दुरुस्ती तिसऱ्यांदा नामंजूर. माझ्याकडे नीट चालतं.'

म्हणजे हाच तो ऑरिन डाल! संगणकाच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. त्यातला, बर्फाची जाडी मोजणारं यंत्र चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, याने लिहिलेला, याच्याच ताब्यातला. हा हो म्हणेपर्यंत यंत्र बनवणारी तिची कंपनी तिने केलेली दुरुस्ती कुणालाच पाठवणार नव्हती. आणि शनिवारी गोठलेल्या तळ्यावर मासेमारीची स्पर्धा. अख्खं गाव ट्रक घेऊन बर्फावर जाणार, तिचे बाबा सगळ्यांत पुढे.

"मी सिग्ने माकेला," ती गोड हसली. "तुमच्याकडे चालणारच. तुम्ही कधी बंदच करत नाही ना!"

"म्हणजे?"

"ड्रायव्हरने मेमरी मागितली की ती ताटासारखी धुऊन मिळत नाही, आधीच्याचं उष्टं तसंच असतं. नुसतं रीस्टार्ट केलं की त्यात कालचे बरोबर आकडे पडलेले सापडतात. मच्छीमार मात्र यंत्र रात्री बंद करतात. सकाळी निव्वळ कचरा."

"शक्य नाही."

"मग करा बंद."

त्याने पडद्यावरची एकेक खिडकी मिटली – बंदरावर निरोप द्यावा तशी. पडदा काळा झाला. बाहेर भुरभुर बर्फ पडत होता, आणि त्याचे डोळे निळे होते – रागात ही बारीकसारीक माहिती तिला नको होती.

लॅपटॉप सुरू झाला. सिग्नेने पर्समधलं बर्फ मोजायचं यंत्र त्याला जोडून टेबलावर ठेवलं.

'बर्फ: चौदा इंच. ट्रक नेण्यास हरकत नाही.'

ऑरिनने टेबलाकडे पाहिलं. मग टेबलाखाली.

"आणू का बाबांचा ट्रक?" सिग्नेने विचारलं.

तो लाल झाला – कानांपर्यंत. मग तिची दुरुस्ती त्याने स्वतः चढवली: मेमरी घेतानाच जुनं पुसून शून्य भरून घ्यायची, एवढीच. पुन्हा बंद, पुन्हा सुरू.

'माहीत नाही. भोक पाडून बघा.'

"बघा, यंत्रसुद्धा कबूल करायला शिकलं," ती म्हणाली.

दुरुस्तीखाली मूळ चूक कुणाची ते लिहायची कर्नलवर काम करणाऱ्या लोकांत रीत आहे. सिग्नेने ती ओळ भिडेखातर कोरी ठेवली होती. ऑरिनने तिथे स्वतःचं नाव घातलं आणि पुढे लिहिलं – 'ती बरोबर होती. मी तीनदा चुकलो.' जगभरच्या हजारो प्रोग्रामरांना ते एका क्षणात पोहोचलं. या जमातीत गुडघ्यावर बसून अंगठी देणं त्यामानाने सोपं.

शनिवारी यंत्रांनी 'माहीत नाही' म्हटलं, बाबांनी कुरकुरत भोक पाडलं. तीन इंच! स्पर्धा रद्द झाली आणि सगळं गाव चर्चच्या हॉलमध्ये बटाटे-चीज घालून भाजलेल्या गरम कॅसरोलवर तुटून पडलं. बाबा यंत्राची तारीफ अशी करत होते, जणू त्यांनीच ते बनवलं.

दारात ऑरिन उभा होता. हात रिकामे.

"लॅपटॉप कुठाय?" सिग्नेने विचारलं.

"घरी." तो अडखळला... "बंद करून आलोय."

सिग्नेने हातातली ताटली बाबांकडे दिली आणि सगळ्या गावासमोर त्याचं चुंबन घेतलं.