मेलेल्याच्या गळ्यावरचा हात

"रक्त गोड आहे की गं," लायल ओठ चाटत म्हणाला, आणि मार्लिसच्या हातातला ब्रश थबकला.

"चाटू नकोस. मेलेली माणसं चाटत नाहीत."

"तू अशी हनुवटी धरणार असशील, तर... मी रोज मरेन."

ही त्यांची पहिलीच भेट. विस्कॉन्सिनमधल्या तळ्याकाठी, मुलांच्या बंद पडलेल्या शिबिरात हॉबार्ट नावाचा हौशी दिग्दर्शक खुनांचा सिनेमा काढत होता. मार्लिस गावात केस कापायची, म्हणून नटांची रंगभूषा तिच्याकडे. मक्याच्या पाकात लाल रंग कालवून ती पातेलंभर रक्त करायची. लायल मिलवॉकीहून आलेला, सिनेमातला चौथा बळी.

तेवढ्यात पातेल्यावर एक गांधीलमाशी घोंगावली आणि लायलचं हसू पार मावळलं. मागच्या वर्षी एक चावली होती, त्याने हळूच सांगितलं, तर गळा सुजून श्वास कोंडला, दवाखान्यात न्यावं लागलं. "हॉबार्टला बोलू नकोस. तो दुसरा कुणीतरी आणेल."

मार्लिसने शब्द दिला आणि स्वतःची झोप घालवली. सप्टेंबर संपत आलेला, गोडाच्या वासावर माश्यांचा नुसता सुळसुळाट. त्यात तिथला नियम असा, की जो सिनेमात मेला तो दुसऱ्या सकाळच्या बसने घरी. स्वयंपाकघराच्या दारावर हॉबार्टने खडूने नावं लिहिली होती. लायलचं मरण गुरुवारी. माशी चावली तर तो जाणार, नाही चावली तरी जाणारच! मन चिंती ते वैरी न चिंती. तिने पाकात भांड्यांचा साबणसुद्धा घालून पाहिला, पण माश्या काही बधल्या नाहीत.

गुरुवारी भर दुपारी लायल पाइनच्या झाडाखाली आडवा झाला, एक हात छातीवर. सदरा एकच होता, या मरणापुरती फिल्मही एकच होती. "एकदाच मरायचंय," हॉबार्ट म्हणाला, "तर नीट मर."

कॅमेरा सुरू झाला आणि माशी आलीच. कॉलरवर बसली, मग गळ्यावर चढली. ओरडावं तर तो दचकणार, गप्प राहावं तर... मार्लिस गुडघ्यांवर पुढे सरकली. तिने बाजूने हात घातला आणि माशीवर अलगद मूठ मिटली. कोपरापर्यंत आग गेली. तिने डोळे घट्ट मिटून घेतले, हूं की चूं केलं नाही. त्या आगीत तिला दुसरं काही कळलंच नाही.

फिल्म संपली. हॉबार्ट बराच वेळ तिच्या लाल नखांकडे बघत राहिला.

शुक्रवारी बसच्या पायरीवर लायलने तिचा सुजलेला हात बघितला. "मार्लिस, मी..." म्हणाला, आणि ड्रायव्हरने भोंगा वाजवला. ते 'मी' तिला सात महिने छळत राहिलं. आभार मानायचे होते, की आणखी काही? पत्र नाही, फोन नाही. आपणच वेड्यासारखं काहीबाही धरून बसलो, असं तिला वाटायला लागलं.

सिनेमा गावात एकच आठवडा लागला. रविवारी दुपारी माणसं अकरा. दिवे मालवल्यावर शेजारच्या खुर्चीत बारावा येऊन बसला. ओल्या कोटाचा वास... तिने मान वळवायचंच टाळलं.

पडद्यावर लायल मेला. बाजूने लाल नखांचा हात आला, गळ्यावर मिटला.

"अरे, खुनी बाई आहे!" मागून कुणीतरी म्हणालं.

पण मार्लिस भलतंच बघत होती. मेलेल्याचा छातीवरचा हात हळूच हलला, आणि त्याची बोटं तिच्या मनगटाभोवती मिटली.

"मला वाटलं, तुला कळलंय," शेजारून लायल पुटपुटला. "काही बोलली नाहीस, म्हणून मी... तू मला आवडतेस, मार्लिस. अजून."

"सात महिने," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. "मेल्या, तेव्हाच बोलला असतास तर?"

"तेव्हा मेलो होतो ना. नीट मरायला सांगितलं होतं."

तिने अंधारात हात पुढे केला आणि त्याच्या गळ्यावर ठेवला. तो आवंढा गिळत होता, श्वास घेत होता. पुढच्या खुनाकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.