दोघांपुरतं थडगं

इबीनं माझ्याकडे बघितलं आणि अख्खं मडकं वाळूवर उपडं झालं.

त्याचं काम एवढंच — दगड लादलेल्या घसरगाडीपुढे वाळूवर पाणी शिंपडायचं. कमी पडलं तर वाळू अडवते, जास्त झालं तर चिखल. झाला चिखल! राजाच्या पिरॅमिडचा दगड रुतला आणि दोर ओढणारी त्याची टोळी शिव्यांवर आली.

"डोळे कुठं होते रे?" मी टोपली सावरत विचारलं.

"भाकरीवर."

"भाकरी माझ्या डोक्यावर आहे. तू जरा खाली बघत होतास."

त्याचे कान लाल झाले... मला आवडले ते कान.

पंचाईत ही, की इबी 'राजाचे सोबती' टोळीचा आणि माझा बाप 'राजाचे बेवडे' टोळीचा मुकादम. नावं आमची आम्हीच घेतलेली, दगडांवर गेरूनं रंगवलेली. कुणाचा दगड आधी चढतो यावरून डोकी फुटायची. आभाळात जाणार राजा, हा एवढा डोंगर त्याचा जिना, आणि त्याच्या पायऱ्यांपायी आम्ही एकमेकांचे वैरी. मूर्ख साले!

इबी रोज माझ्या भाकरीच्या भट्टीवर यायला लागला.

"एक भाकर कमी आली."

"मोजता येतं तुला?"

"नाही... म्हणून तर परत परत येतो."

एका दुपारी त्यानं मला टेकडीवर नेलं. तिथं मजूर आपापली थडगी बांधतात, राजाच्या दगडांच्या उरल्यासुरल्या कपच्यांची. त्यानं एक अर्धवट खड्डा दाखवला.

"लोक पोरीला घर दाखवतात. तू थडगं दाखवतोस?"

"घर मातीचं. पुरात विरघळतं. हे..." तो पायानं कपची ढकलत राहिला. "हे कायमचं. हेनुत, मी जरा रुंद खणतोय... दोघांपुरतं."

वारा सुटला होता. डोळ्यांत पाणी धुळीनं आलं, असं मी त्याला सांगितलं.

"खोलही खण," मी म्हणाले. "झोपेत लाथा मारते मी."

कळलं तसा बाप भडकला. "सोबत्यांच्या घरात शिरलीस, तर मेल्यावर तुझ्या थडग्यापुढे आमच्यातलं कुणी भाकर ठेवणार नाही. उपाशी राहशील, कायमची!"

आमच्यात याहून मोठा शाप नाही. मेलेल्याला घरच्यांनीच जेवू घालायचं असतं.

पिरॅमिडचा टोकाचा दगड चढायचा त्या सकाळी मी गाठोडं उचललं. आमच्यात लग्न म्हणजे एवढंच — गाठोडं घेऊन त्याच्या घरात जायचं. चोरून जाता आलं असतं. मी दोर धरून उभ्या दोन्ही टोळ्यांच्या मधून गेले, भर उन्हात.

"हेनुत! काय सांगितलंय मी?" बाप गरजला. "भाकर मिळणार नाही!"

मी थांबले.

"बाबा, इथली भाकर भाजतं कोण? तुम्हाला, तुमच्या ह्या सगळ्या बेवड्यांना जेवू कुणी घातलं? मला उपाशी ठेवणारे तुम्ही कोण? माझ्या पोरांना मी भाजायला शिकवीन. ती मला घालतील. तुम्हालाही घालतील, बाबा... फक्त रांगेत उभं राहावं लागेल!"

एक बेवडा खो खो हसला. मग सोबतीही. बापानं वाटेत आलेला दोर बाजूला ओढून धरला.

"जा," तो म्हणाला. "आणि त्याला चिखल करायचं थांबव म्हणावं."

इबी आडवाटेनं पळत माझ्याआधी पोचला होता. दारात धापा टाकत उभा. तेवढ्यात दगड जागेवर बसला आणि हजारो गळ्यांची आरोळी आभाळाला भिडली.

"कुणासाठी ओरडतायत एवढे?" त्यानं विचारलं.

"माझ्यासाठी," मी म्हणाले आणि उंबरा ओलांडला.